सुतकातली तालीम

गजाला खोबरेल तेल लावणारा माणूस परभणी जिल्ह्यात माझ्याआधी कुणी झाला असेल असं मला वाटत नाही, आणि माझ्यानंतर कुणी होऊ नये. गज म्हणजे व्हायोलिन किंवा सारंगी ज्या काठीनं वाजवतात ती. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. ते केस कोरडे हवेत, त्यांना राळ घासावी लागते, तेव्हा कुठे ते तारेला धरतात आणि आवाज निघतो. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोज सकाळी राळ घासताना बघतच मी मोठा झालो होतो. पण हैदराबादहून एसटीच्या टपावर बसून आलेल्या त्या अवाढव्य वाद्याचा गज इतका रखरखीत आणि पिंजारलेला होता की मला त्याची दया आली. केस आहेत, तर तेल लावावं, एवढी साधी माझी बुद्धी चालली. आई माझ्या टाळूवर लावायची तसं मी बोटांनी जिरवून जिरवून लावलं. अण्णांनी गज तारेवर ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेला, तार आपली जागच्या जागी. अण्णांनी गज नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"येणी घालायची ऱ्हायली की हिची," ते म्हणाले.

ते वाद्य म्हणजे चेलो. व्हायोलिनचंच थोरलं भावंड, खुर्चीवर बसून दोन पायांत धरून वाजवायचं. आमच्याकडे ते का आलं ते सांगतो. आमचं घराणं चारठाण्याचं, देवळात चौघडा वाजवणारं. अण्णा त्यातून सटकले, कुठल्याशा नाटक कंपनीतल्या माणसाकडून व्हायोलिन शिकले आणि परभणीला मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला लागले. गावात एक डॉक्टर होते, दिलरुबा वाजवायचे. वाजवायचे म्हणजे, दिलरुबा त्यांच्या मांडीवर असायचा आणि ते आनंदात असायचे. त्यांनी एक दिवस अण्णांना बोलावून सांगितलं, मला चार चिजा करून द्या, नव्या कोऱ्या. चीज म्हणजे आमच्यातली रचना. अट अशी, की वाजवणारे चौघं, वाद्यं सगळी तारेची. तबला नको, पेटी नको, गाणारा नको. डॉक्टर तरुणपणी विलायतेला शिकायला होते, तिथली त्यांची घरमालकीण, तिचा नवरा आणि दोन मुलगे जेवणं झाली की अशी चार वाद्यं घेऊन बसायचे. आपापसात बोलत बसल्यासारखं वाजवायचे, म्हणाले. ते त्यांच्या कानातून गेलं नव्हतं.

"तबला न्हाई म्हणल्यावर सम कुणी दाखवायची, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"ते तुम्ही बघायचं. मी पेशंटला औषध काय द्यायचं ते तुम्हाला विचारतो का?"

चौघं ठरले ते असे. अण्णा व्हायोलिनवर, सारंगीवर त्यांचे जुने दोस्त गफूरचाचा, दिलरुब्यावर स्वतः डॉक्टर, आणि डॉक्टरांनी मागवलेल्या चेलोवर मी, कारण माझे पाय लांब होते. दुसरी कुठलीही लायकी तपासली गेली नाही. रात्री जेवताना अण्णांनी हे सगळं आईला सांगितलं. आई ताटात वरण वाढता वाढता म्हणाली, "चौघं बोलणार, आन् मधी कुणी आवरणारं न्हाई. मग आपल्या घरावानीच हाय की."

परवा आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर मला दाखवलं. परदेशात पूर्वी एका राजानं असल्याच चौघांच्या चिजा एका मोठ्या संगीतकाराकडून सांगून करून घेतल्या. राजा स्वतः चेलो वाजवायचा, म्हणून त्या माणसानं चेलोला गोड गोड जागा दिल्या. मला हसू आलं. अण्णांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनीही डॉक्टरांच्या दिलरुब्याला नेमके तेवढेच सूर दिले होते जे डॉक्टरांना हमखास लागायचे. असे सूर फार नव्हते. तेच फिरवून फिरवून त्यांनी अशा ठिकाणी बसवले की डॉक्टरांना वाटावं, मीच सगळ्यांना घेऊन चाललोय.

समेचा प्रश्न मात्र आईनं सोडवला, तिच्या नकळत. संध्याकाळी अण्णा व्हायोलिन मांडीशी घेऊन बसलेले, आत आई भाकऱ्या करत होती. ज्वारीची भाकरी परातीत थापताना तिच्या हाताचा एक ठरलेला बोल होता. आधी सावकाश, मग भाकरी मोठी होईल तसा जलद, आणि शेवटी परातीच्या काठाशी एक थांबा. तिथे ती भाकरी उचलून तव्यावर टाकायची. अण्णा ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "आण तुझा हत्ती." त्यांनी मला चेलोच्या जाड तारेवर बोटानं तोच ठोका धरायला लावला. गज तेलकट पडलेला होताच, तोवर बोटानंच वाजव, म्हणाले. मी वाजवायला लागलो की आतून आवाज यायचा, "एवढी घाई कशाची करायलास रं? आसं थापलं तर मधी फाटंल ती." मी लय खाली आणायचो. आईला सारेगम येत नव्हतं, पण भाकरी फाटेल एवढं जलद तिनं मला कधी वाजवू दिलं नाही.

गजही तिनंच धुतला. रिठे भिजत घातले, त्याचा फेस केला आणि अंगणात पाटावर बसून, एखाद्या पोरीची वेणी सोडून धुवावी तसे ते घोड्याचे केस धुतले. वाळवले, पुन्हा धुतले. गफूरचाचा त्याच वेळी आले होते. ते दारात उभं राहून म्हणाले, "भाभी, मेरी दाढी भी धो डालो, सूर में आ जाएगी." आईनं फेसाचा हात त्यांच्याकडे झटकला. पुढे गज हळूहळू धरायला लागला, मलाही तो ओढता यायला लागला, पण अण्णांना माझा बोटांचा ठोकाच आवडून गेला होता. पहिल्या तिन्ही चिजा मी बोटानंच वाजवल्या. गज भिंतीवर टांगलेला राहिला.

दर रविवारी आम्ही डॉक्टरांच्या घरी जमायचो. डॉक्टरांच्या बाई पोहे पाठवायच्या, त्यावर शेव इतकी की पोहे शोधावे लागत. पहिली चीज बसली, ती डॉक्टरांनी डोळे मिटून वाजवली, संपल्यावर रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "उत्तम आहे अण्णा. फार उत्तम. पण हे ते नव्हे." दुसऱ्या चिजेलाही तसंच म्हणाले. अण्णांनी विचारलं, काय कमी पडतंय. डॉक्टर बराच वेळ शब्द शोधत होते. मग म्हणाले, "आपण चौघं एकच वाक्य बोलतोय. एकदम किंवा एकामागून एक, पण वाक्य एकच."

"आपल्यात सूर एकच आसतो, साहेब," अण्णा म्हणाले. "चौघांनी चार धरले तर त्याला भांडण म्हणतेत."

तिसऱ्या चिजेलाही "हे ते नव्हे" झालं. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "चौथी जर जमली न्हाई तर त्यांचा एक पैसा घेणार न्हाई. आन् त्यांच्यापुढं पुन्हा व्हायोलिन काढणार न्हाई." हे रागानं म्हणाले असते तर बरं होतं. ते टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, म्हणजे ते तसं करणार होते. माणसाला जे एकच येतं त्यात त्याला तीनदा नापास केलं होतं. आई म्हणाली, "बघा की. आजून एक हाय न्हवं." आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

मग श्रावणात आई गेली. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं लांबवून, सजवून सांगायचा प्रयत्न केला, ते तेवढंच राहतं. पंचमीला ती पेडगावला माझ्या मावशीकडे गेली होती, ताप घेऊन परत आली. ताप म्हणजे काय, येतो आणि जातो, असं आम्ही धरून चाललो. आमच्या डॉक्टरांनी बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला, त्यांनीच स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. ती दुपारी गेली. बाहेर कुणीतरी केळी विकत होतं. नर्सनं मला तिची पाटली काढून हातात दिली, मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाची गुंडी लावली. पाटली पडू नये हा एकच विचार मला संध्याकाळपर्यंत पुरला.

लोक म्हणतात, रड, मोकळा हो. मी तयार होतो, काही येत नव्हतं. स्मशानात मला आठवत होतं की राळेचा खडा संपत आलाय, हैदराबादला कुणी जाणारं आहे का विचारायला हवं. घरी आलो तर शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती, ती मी पोटभर खाल्ली, वर अजून मागितली. काकू दुसऱ्या दिवसापासून आमच्याच चुलीवर भाकरी करायला लागल्या. त्यांचा थापायचा बोल फार जलद होता, आणि शेवटचा थांबा नव्हताच. तेवढं मात्र मला ऐकू आलं. बाकी आत सगळं तेल लावल्यासारखं झालं होतं. गज फिरतोय, तार हलत नाही.

आमच्यात वाद्याला देव मानतात. सुतकात त्याला शिवायचं नाही, धोतर टाकून झाकून ठेवायचं. नुसतं वाजवायचं नाही असं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. चारठाण्याच्या देवळातला चौघडा मेलेल्या माणसासाठी गप्प बसायचा, तो नियम अण्णांनी परभणीतही सोडला नव्हता. एरवी ते देवाधर्माचं फार करणारे नव्हते. व्हायोलिन, चेलो कोपऱ्यात पांढऱ्या धोतरांखाली. येणारी बाया-माणसं त्या दोन आकारांकडे दचकून बघायची. त्यातला मोठा आकार तर चांगला बसलेल्या माणसाएवढा होता.

अशातच एका दुपारी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. खोलीत चटईवर मावशी, काकू आणि चारठाण्याहून आलेल्या दोघी-तिघी होत्या. अण्णा हळूच म्हणाले, "चौथी आली हाय."

मला कळेना.

"चीज. डोक्यात आली हाय. सुतक फिटंस्तोवर जाईल निघून. हात आण."

त्यांनी माझा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, पालथा होता तो उताणा केला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तार आहे असं धरून त्यावर बोटं ठेवली. पहिलं बोट दाबलं, धरून ठेवलं, बराच वेळ. मग दुसरं. मग तिसऱ्या बोटानं किंचित पुढे सरकून परत मागे. जितका वेळ दाबतील तितका तो सूर. आवाज अजिबात नाही. ओठही हलत नव्हते. या चिजेत माझ्यासाठी ठोका नव्हता, हे मला थोड्या वेळानं कळलं. ठोका कुठेच नव्हता. सगळे लांब लांब सूर, गजाचे. "कळलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "पुन्यांदा," असं म्हणून ते परत पहिल्यापासून दाबायला लागले.

रोज दुपारी हे चालायचं. मावशी बघायची आणि पदर डोळ्याला लावायची. "बघा गं माय," ती इतरांना म्हणायची, "बापलेक कसे हात धरून बसलेत." असं ती म्हणाली की सगळ्याजणी एकदम डोळे पुसायच्या, अण्णांचं लक्ष मोडायचं, आणि आम्हाला पुन्हा सुरुवातीपासून धरावं लागायचं. मला मावशीचा राग यायचा. ती दुःख समजत होती, आमची तर तालीम चालली होती. माझ्या हातावर पांढरे ठसे उठायचे, हाताला मुंग्या यायच्या, शेवटी शेवटी तो हात माझा आहे की अण्णांचा तेही कळायचं नाही. एकदा गफूरचाचा भेटायला आले. ते समोर बसून बराच वेळ अण्णांच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना कळलं असणार. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

सुतक फिटलं. अण्णांनी धोतरं काढली, वाद्यांना हळदकुंकू वाहिलं, गफूरचाचांना आणि डॉक्टरांना त्यांचा त्यांचा भाग नेहमीसारखा वाजवून शिकवला. मला म्हणाले, "तुझं झालेलंच हाय." भिंतीवरचा गज मी काढला. केस स्वच्छ होते, एकेक मोकळा. राळ लावली. रविवारी डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी त्या दिवशी पोह्यांवर शेव घातली नव्हती.

अण्णांनी सुरू केलं. गफूरचाचा आत आले, मग डॉक्टर, मग मी. आता चूक कशी झाली ते समजून घ्या, ही चूक आमच्याशिवाय कुणाला जमली नसती. चेलोला तारा चार. अण्णांनी त्या प, सा, प, सा अशा लावलेल्या. पण हाताला तार एकच. ती चारांतली कुठली, हे हातावर दाबून कळत नाही, आणि मी विचारलंही नव्हतं. अण्णांच्या मनात दुसरी होती, 'सा'ची. मी बिनदिक्कत तिसरी धरली, 'प'ची. बोटं अगदी बरोबर, वेळ बरोबर, फक्त सगळं बिऱ्हाड दुसऱ्या घरात. ते तिघं एका जागी उभे आणि मी समोरच्या कडेला. ते जसे सरकतील तसाच मी सरकत होतो, तेच वळण, पण रस्त्याच्या पलीकडून. गफूरचाचांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अण्णांचा गज तारेवर एकदा अडखळला आणि पुढे चालू लागला. मला काही चुकलंय हेसुद्धा कळलं नाही. मी आकडे मोजल्यासारखा हातावरचे ठसे आठवून वाजवत होतो. कसं वाटत होतं म्हणाल, तर वाटत काहीच नव्हतं.

डॉक्टर मध्येच थांबले होते. दिलरुबा त्यांनी खाली ठेवला. चीज संपल्यावर ते म्हणाले, "हेच. अण्णा, हेच ते." आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "एक जण लांब उभा राहून तेच बोलतोय. मला सांगता येत नव्हतं."

अण्णा माझ्याजवळ आले, वाकले, आणि हळू आवाजात विचारलं, "कंची तार धरलीस?"

"तिसरी."

"दुसरी व्हती."

"हातावर कसं कळणार?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. अण्णा सरळ उभे राहिले. "काई न्हाई साहेब. तार ऱ्हाऊ दे का हीच, आसं इचारायलंय पोरगं." मग मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिसरीच ऱ्हाऊ दे."

सायकल रिक्षात चेलो मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना अंग चोरून असे घरी आलो. वाटेत त्यांनी विचारलं, "कसं वाटलं वाजवताना?"

"काई कळलं न्हाई," मी म्हणालो.

"मलाबी," ते म्हणाले, आणि गल्ली येईपर्यंत चेलोचा दांडा धरून बसले.

दिवाळीनंतर डॉक्टरांच्या अंगणात चारही चिजा झाल्या. सतरंजीवर बसलेल्या एका वकिलांनी दुसरी चीज संपल्यावर विचारलं, तबलजी किती वाजता येणार आहेत. चौथी झाल्यावर लोक टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबले. अण्णांनी बिदागी घेतली. त्यानंतर त्यांनी नवीन चीज केली नाही. शाळेतल्या पोरींकडून प्रार्थना बसवून घेत निवृत्त झाले. डॉक्टर गेले, गफूरचाचा गेले, अण्णाही गेले. मी बँकेत चिकटलो, आता तिथूनही सुटायची वेळ जवळ आलीय. चेलो कपाटामागे आहे, छत्र्या आणि कॅरम बोर्डाच्या सोबतीला. ही गोष्ट मी लग्नामुंजीत शेकडो वेळा सांगितलेली आहे. तेलापाशी लोक हसतात, तिसऱ्या तारेपाशी परत हसतात, माझी दोन्ही ठिकाणं पक्की आहेत.

या दिवाळीच्या आवराआवरीत चेलो बाहेर काढला. माझी बायको शोभा राणीसावरगावची. तिनं आईला बघितलेलं नाही, अण्णांचं मात्र शेवटपर्यंत तिनंच केलं. ती ओल्या फडक्यानं चेलोची धूळ पुसत होती आणि मी स्टुलावर बसून सुनबाईला गोष्ट सांगत होतो. सुनबाई योग्य त्या दोन्ही ठिकाणी हसली आणि चहा टाकायला गेली. शोभानं फडकं बादलीत बुचकळलं.

"डॉक्टरांकडचा कार्यक्रम कधी झाला म्हणलात?"

"दिवाळीनंतर."

"आन् आई?"

"श्रावणात. हजारदा सांगितलंय."

तिनं फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे मधी चांगले तीन म्हैने. सुतक फिटल्यावर वाजवून शिकवता आलं आसतं की तुमाला, त्या दोघांना शिकवलं तसं. रोज दुपारी हात धरून बसायचं काय नडलं व्हतं? तुमी आपले इतकी वर्षं, तार कंची चुकली तेच सांगत बसलात."